पाच वेळा गमावलेला नदीचा उतार : ‘द डिफेन्स ऑफ डफर्स ड्रिफ्ट’ या लष्करी पुस्तिकेचे परीक्षण

महाविद्यालयात शिकवत असताना बरीच वर्षे माझ्याकडे एनसीसीच्या मुलींची जबाबदारी होती. ‘बी’ आणि ‘सी’ सर्टिफिकेटच्या परीक्षांसाठी मॅप रीडिंग, फील्ड क्राफ्ट, अंतराचा अंदाज, आड आणि छुपाव असे विषय शिकवताना मला एक अडचण सतत जाणवत असे. नियम मुलींना तोंडपाठ होत, परीक्षेच्या कागदावर ते बिनचूक उतरत. पण शिबिरात प्रत्यक्ष माळावर उभे केले, की त्याच मुली आभाळाच्या पार्श्वभूमीवर ठळक दिसेल अशी जागा मोर्चासाठी, म्हणजे लढायला बसण्याच्या ठाण्यासाठी, निवडत. आमच्या पीआय स्टाफमधील, म्हणजे एनसीसीला शिकवायला आलेल्या लष्करी प्रशिक्षकांमधील, एक सुभेदार साहेब हे पाहत असत. निवृत्त होताना ते मला म्हणाले होते, “मॅडम, नियम नंतर सांगा, आधी त्यांना हरू द्या. डफर्स ड्रिफ्ट मिळालं तर वाचा.” ते पुस्तक हाती यायला आणि नीट वाचून व्हायला मला फार उशीर झाला. आता मात्र त्याच्या दोन प्रती माझ्याकडे आहेत, त्यातील एक वापरून खिळखिळी झाली आहे, आणि ज्यांना कोणतेही काम दुसऱ्याला शिकवायचे असते अशा प्रत्येकाने ते वाचावे असे मला मनापासून वाटते.

पुस्तकाचा लेखक अर्नेस्ट डनलॉप स्विंटन हा ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समधील अधिकारी. त्याचा जन्म १८६८ साली बंगळूरला झाला. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी, यांच्यात जे युद्ध झाले, त्यात तो होता, आणि रेल्वे पायोनियर रेजिमेंटबरोबर त्याने काम केले. उखडलेले लोहमार्ग आणि पूल पुन्हा उभे करायचे, म्हणजेच मूठभर माणसांनी राखायच्या एकाकी जागा रोज डोळ्यांसमोर असायच्या. या पार्श्वभूमीवर १९०४ साली त्याने ही छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तेव्हा तिच्यावर त्याचे नाव नव्हते. लेखक म्हणून जे नाव छापले होते, तेच कथेच्या नायकाचेही नाव आहे : लेफ्टनंट बॅकसाइट फोरथॉट.

नावांविषयी थोडे सांगायला हवे, कारण इंग्रजी शब्दांतील खोच कळली नाही तर पुस्तकाची अर्धी चव जाते. बॅकसाइट म्हणजे रायफलची मागची माशी, आणि फोरथॉट म्हणजे आधी केलेला विचार. ‘फोरसाइट’ आणि ‘बॅकसाइट’ या जोडीची अदलाबदल करून लेखकाने मागाहून सुचलेल्या शहाणपणाला आणि आधी करायला हव्या असलेल्या विचाराला एकाच माणसाच्या नावात बसवले आहे. शिवाय या नावाची बी. एफ. ही आद्याक्षरे इंग्रज सैनिकांच्या बोलीत ठार मूर्खाला उद्देशून वापरली जात. डफर म्हणजे मठ्ठ. ‘ड्रिफ्ट’ हा दक्षिण आफ्रिकेतील डच बोलीचा शब्द, आणि त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : उतार. जिथे नदीचे पाणी उथळ असते, बैलगाडी आणि जनावरे जिथून पलीकडे जातात, तो उतार. नदीचे नाव सिलिआसफोगेल. त्यात गिधाडासाठीचा ‘आसफोगेल’ हा स्थानिक शब्द आहे, आणि इंग्रजी कानाला त्यातच ‘मूर्ख गाढव’ ऐकू येते. ही नावे वाचून पुस्तक थिल्लर असेल असा ग्रह कोणी करून घेऊ नये. माणसे मरण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या लेखकाने तरुण वाचकाला जवळ बसवण्यासाठी केलेली ती सोय आहे.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. दिवसभराच्या लांब वाटचालीने थकलेला हा तरुण अधिकारी ड्रीमडॉर्प नावाच्या ठिकाणी पोहोचतो, भरपेट जेवतो, झोपतो, आणि त्याला ओळीने सहा स्वप्ने पडतात. प्रत्येक स्वप्नात काम तेच, जागा तीच : पन्नास माणसांनिशी नदीचा एक उतार राखायचा, कारण गाड्यांना त्या टापूत नदी ओलांडायला दुसरी जागा नाही. एका स्वप्नातून दुसऱ्या स्वप्नात जाताना त्याला त्या जागेची, माणसांची, घडलेल्या प्रसंगांची कसलीच आठवण राहत नाही. राहतात ते फक्त आधीच्या स्वप्नातून शिकलेले धडे. पहिल्या पाच स्वप्नांत तो हरतो. सहाव्यात, मदत येईपर्यंत, तो टिकून राहतो. सगळे मिळून धडे बावीस, आणि पुस्तक एका बैठकीत संपेल एवढे लहान.

पहिल्या स्वप्नाची सुरुवात मला सर्वांत प्रामाणिक वाटते. मागे सोडून दिलेला, वरिष्ठांचा तांडा दूर जाताना पाहणारा हा अधिकारी मनाशी म्हणतो, की वॉटर्लू किंवा सेदानची लढाई लढायला सांगितली असती तर आपल्याला सगळे ठाऊक होते, त्याचे पाठांतर केले होते, त्यावर परीक्षाही दिली होती. एखाद्या डिव्हिजनची किंवा आख्ख्या कोअरची मांडणी कशी करावी हेही येत होते. पण पन्नास माणसांनी एक उतार कसा राखायचा, हे किरकोळ काम मात्र सुचेनासे झाले आहे. हा परिच्छेद वाचताना मला माझ्याच वर्गातील फळा आठवला. आम्हीही मोठ्या लढायांचे बाण काढून दाखवत होतो, आणि दहा मुलींच्या तुकडीने रात्री झोपायचे कुठे, हे कोणी विचारले तर उत्तर शोधावे लागत होते.

मग त्या स्वप्नात जे घडते ते एकामागून एक साध्या, समजण्याजोग्या चुकांचे असते. शत्रू शंभर मैलांवर आहे असे कळलेले असल्यामुळे तटबंदीचे काम उद्यावर टाकले जाते. तंबू सपाटीवर ओळीत, नेटके उभे राहतात. जवळच्या मळ्यावरचा एक वयस्क बोअर शेतकरी मुलांसह येतो, त्याच्याजवळ रीतसर परवाना असतो, तो लोणी आणि अंडी विकतो, गोड बोलतो, आणि छावणीत मोकळेपणाने हिंडून जातो. रात्री संतरी शेकोटीच्या उजेडात उभे राहतात आणि ठरावीक वेळाने “सर्व ठीक आहे” अशी आरोळी देतात. पहाटेपूर्वी हल्ला होतो तेव्हा शत्रूला कोण कुठे आहे हे दाखवण्याचे काम आपल्याच माणसांनी केलेले असते. स्विंटन इथे कोणालाही बेजबाबदार किंवा भेकड ठरवत नाही. तरुण अधिकाऱ्याने केलेली प्रत्येक गोष्ट त्या वेळच्या शांततेतल्या सवयीप्रमाणे बरोबरच आहे, आणि शांततेतल्या सवयीच युद्धात माणसाला मारतात, हे तो घटनांच्या क्रमातून दाखवतो. स्वप्न संपते आणि पहिला धडा येतो : संरक्षणाची तजवीज उद्यावर टाकू नका. हा नियम कोणत्याही पुस्तिकेत एका ओळीत सापडतो. इथे मात्र तो वाचेपर्यंत गोळ्यांनी फाटलेले तंबू वाचकाने पाहिलेले असतात.

पुढची स्वप्ने या चुकांवर रचत जातात, आणि लेखकाची खरी ताकद तिथे दिसते, कारण प्रत्येक वेळी जुना धडा पाळल्यामुळेच नवी चूक घडते. परक्यांना छावणीत येऊ दिले नाही, तर ते मोकळे राहून बातमी पोहोचवतात. उताराचे रक्षण करायचे म्हणून उताराच्याच उरावर बसले, तर बसलेली जागा लढायला वाईट निघते. लांब पल्ल्याच्या रायफली हाती असताना उतार कोणी उचलून नेणार नाही, तो दुरूनही राखता येतो, हे समजायला एक पराभव खर्ची पडतो. खंदक खणले, पण ते रुंद आणि उथळ खणले, तर तोफेच्या गोळ्यातील छर्ऱ्यांपुढे त्यांचा काही उपयोग नसतो. खंदक खोल, अरुंद आणि उभ्या कडांचा हवा. समोरच्या बाजूला छातीएवढी माती टाकली, तर गोळी पाठीत येते. मूठभर माणसांच्या एकाकी ठाण्याला बगल नसते, पिछाडी नसते, चहूबाजूंनी आघाडीच असते, हे वाक्य मी एका कार्डावर मराठीत लिहून टेबलासमोर लावले आहे.

टेकडीच्या चढणीबद्दलचा धडा मात्र मला पुस्तकातून पूर्ण कळला नव्हता, तो माळावर कळला. फुगीर चढणीपासून आणि डेड ग्राउंडपासून, म्हणजे आपल्या नजरेच्या आणि गोळीच्या टप्प्यातून सुटलेल्या जमिनीपासून, सावध राहा, असे स्विंटन सांगतो. आणि मोर्चाची जागा ठरवताना डोळा रायफलच्या उंचीवर आणून बघा, असेही बजावतो. साताऱ्याजवळच्या एका शिबिरात मी तृतीय वर्षाच्या सात मुलींना एक टेकाड दाखवले, चुन्याची फक्की दिली, आणि खंदकाची रेषा आखायला सांगितली. त्यांनी अर्थातच माथ्याच्या थोडे मागे, खालची अख्खी वाट दिसेल अशी जागा निवडली. जागा निवडणारी मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिला खरोखरच सगळे दिसत होते. मग मी तिला त्या पांढऱ्या रेषेवर पोटावर झोपायला सांगितले, आणि दुसऱ्या तुकडीला खालून चढायला पाठवले. झोपल्यावर तिच्या डोळ्यांपुढे वाळलेले कुसळी गवत होते, त्यापलीकडे जमीन फुगून खाली वळत होती, आणि त्यापलीकडे थेट समोरच्या डोंगराचा निळा कडा. मधली सगळी जमीन नाहीशी झाली होती. आम्ही सगळ्या गप्प राहून वाट पाहत होतो. काही वेळाने गवताच्या शेंड्यांवर एक हिरवी बेरे टोपी दिसली, आणि ती टोपी पंचवीस पावलांच्या आत होती. ती मुलगी उठली, काही न बोलता बुटाने पांढरी रेषा पुसली, चाळीसेक पावले खाली गेली, पुन्हा पोटावर झोपली, आणि तिथून ओरडून म्हणाली, “मॅडम, आता मी खालून जाऊन बघते, मी कुठे दिसते ते.” आपली जागा लपली आहे की नाही हे तपासायचे असेल तर ती शत्रूच्या बाजूने जाऊन पाहा, हाही याच पुस्तकातील एक धडा आहे, आणि तो मी तिला सांगितलेला नव्हता.

हे धडे स्विंटनने कल्पनेतून काढलेले नाहीत, ते रक्त सांडून मिळालेले आहेत. ११ डिसेंबर १८९९ रोजी मागर्सफाँटेन येथे बोअरांनी आपले खंदक टेकडीच्या माथ्यावर खणले नव्हते, ते पायथ्याशी, सपाटीलगत खणले होते. इंग्रजांच्या तोफा आदल्या दिवशी टेकडीवर आग ओकत राहिल्या, आणि पहाटे दाटीने पुढे सरकणारी हायलँड ब्रिगेड त्या पायथ्याच्या खंदकांसमोर कापली गेली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २३ जानेवारी १९०० च्या रात्री, इंग्रजांनी स्पिऑन कोप ही टेकडी धुक्यात घेतली, अंधारात माथ्यावर उथळ खंदक खणला, आणि सकाळी धुके विरल्यावर कळले, की खरी कड पुढे आहे आणि कडेखालून चढणारा बोअर खंदकातून दिसतच नाही. त्या युद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या हिंदी रुग्णवाहक पथकात गांधीजी होते, सुमारे अकराशे माणसांचे ते पथक होते आणि त्याने स्पिऑन कोपच्या जखमींनाही वाहून आणले. ‘फुगीर चढणीपासून सावध राहा’ ही ओळ वाचताना मला त्या डोल्या दिसतात. पुस्तकात स्पिऑन कोपचा तपशीलवार इतिहास नाही, तो वाचकाने इतरत्र वाचावा. पण वाचून पुन्हा या पुस्तकाकडे आले, की प्रत्येक धड्यामागचा आवाज ऐकू येऊ लागतो.

मराठी वाचकाला यातील काही गोष्टी परक्या वाटू नयेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गांविषयीच्या प्रकरणात गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असल्यास सुरुंग लावून तो फोडावा, आणि ते शक्य नसेल तर तोही बांधून मजबूत करावा, मोकळा सोडू नये, असा स्पष्ट दंडक आहे. त्या दंडकामागे पुरंदरचा अनुभव असणार, असे मला नेहमी वाटते : १६६५ साली दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला, आणि तिथून पुरंदरच्या माचीवर मारा सुरू केला. अमात्यांनी आपले अनुभव आज्ञेच्या स्वरात लिहिले, स्विंटनने ते गोष्टीच्या रूपात लिहिले. जमिनीकडे दुसऱ्याच्या डोळ्याने पाहण्याची शिस्त दोघांच्याही लिखाणात तीच आहे.

शिक्षक म्हणून मला या पुस्तकातील जी गोष्ट सर्वाधिक मोलाची वाटते, ती म्हणजे धड्याची वेळ. आपल्याकडील बहुतेक प्रशिक्षण पुस्तिका, मग त्या एनसीसीच्या असोत, कारखान्यातील सुरक्षेच्या असोत किंवा शाळेतील प्रयोगशाळेच्या असोत, नियमाने सुरू होतात आणि उदाहरण, असलेच तर, शेवटी येते. स्विंटन आधी माणसाला काम देतो, त्याला त्याच्या बुद्धीप्रमाणे करू देतो, फसू देतो, आणि फसण्याची कळ अजून ताजी असतानाच नियम देतो. त्यातही जागा बदलत नाही. जमीन तीच राहिल्यामुळे वाचकाला ती टेकडी, तो मळा, ती नदी पाठ होते, आणि तिसऱ्या स्वप्नापासून तो लेखकाच्या आधी विचार करू लागतो. माझ्या मुलींना मी तिसरे स्वप्न वाचून दाखवताना मध्येच थांबले, तेव्हा त्यांच्यात मोर्चा कुठे असावा यावरून चांगलेच भांडण जुंपले, आणि त्या भांडणात त्यांनी मॅप रीडिंगचे जेवढे शब्द योग्य जागी वापरले तेवढे वर्षभरात वापरले नव्हते.

स्विंटनची भाषाही शिकण्यासारखी आहे. तो थोडक्यात लिहितो, ठोस लिहितो, आणि वाक्यात एखादी अशी चिमटी ठेवतो की वाक्य विसरता येत नाही. बढतीसाठी आपण कुठे आहोत याची जाहिरात करणे फायद्याचे असेल, बचावासाठी ते नसते, अशा अर्थाचे त्याचे एक वाक्य आहे. हीच हातोटी त्याच्यात पुढेही राहिली. पहिल्या महायुद्धात सुरवंट-पट्ट्यांवर चालणाऱ्या चिलखती यंत्राची कल्पना पुढे रेटणाऱ्यांमध्ये तो होता, त्या यंत्राचे ‘टँक’ हे गुप्ततेसाठी घेतलेले नाव रूढ करण्यातही त्याचा हात होता, आणि १९१६ साली रणगाड्यांच्या पहिल्या तुकड्यांसाठी त्याने लिहिलेल्या छोट्या सूचनांमध्ये नेम खाली धरा, कानाजवळून शीळ घालत जाणाऱ्या गोळीपेक्षा शत्रूच्या डोळ्यांत धूळ उडवणारी हुकलेली गोळी बरी, असे सांगितलेले आहे. लोखंडी पेटीत घामाने निथळत, धुरात आणि आवाजात बसलेल्या विशीतल्या पोराला लक्षात राहील असेच ते वाक्य आहे. १९२५ साली तो ऑक्सफर्डला लष्करी इतिहासाचा प्राध्यापक झाला, १९५१ साली वारला, आणि त्याची ही छोटी पुस्तिका आजही अमेरिकेच्या लष्करी शिक्षणात वाचली जाते. तिच्याच साच्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी इराकमधील अनुभव मांडणारे लिखाणही केले आहे.

आता आक्षेप. तो सौम्यपणे मांडण्याची माझी इच्छा नाही. या पुस्तकात त्या भूमीवर राहणारी माणसे फक्त बातमी फुटण्याची भोके आहेत. मळ्यावरचा शेतकरी, त्याची बायको, मुलगे, शेजारच्या वस्तीतील कृष्णवर्णीय माणसे, या सगळ्यांना धरून आणावे आणि डांबून ठेवावे, हा धडा लेखक टप्प्याटप्प्याने शिकवतो, आणि वस्तीतील माणसांकडून खंदक खणून घेतले जातात तेव्हा त्यांच्याविषयी वापरलेले शब्द आज मोठ्याने वाचवत नाहीत. लहान ठाण्याच्या हिशेबाने हा धडा बरोबर असेलही; पण तोच हिशेब देशभर लावला गेला तेव्हा मळे जाळले गेले, आणि इंग्रजांनी बोअर कुटुंबांना डांबण्यासाठी उभारलेल्या छावण्यांमध्ये सुमारे अठ्ठावीस हजार बोअर माणसे, त्यांत बहुसंख्य मुले, रोगराईने आणि उपासमारीने मेली. कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या छावण्यांमध्येही हजारो मेले. एमिली हॉबहाउस या बाईने त्या छावण्या पाहून १९०१ साली इंग्लंडमध्ये आवाज उठवला होता, म्हणजे १९०४ साली लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. मुलींना हा भाग वाचून दाखवताना मी तो गाळला नाही. तो वाचला, आणि लगेच छावण्यांविषयी सांगितले. त्या दिवशी फील्ड क्राफ्टचा तास तिथेच थांबला, आणि तो थांबायलाच हवा होता.

दुसरी मर्यादा काळाची आहे. १९०४ साली टेहळणीचे फुगे सोडले तर आकाशातून पाहणारे कोणी नव्हते. सहाव्या स्वप्नात नायक नदीच्या पात्रात, काठांच्या आडोशाने मोर्चे करतो, उकरलेली माती लपवतो, आणि शत्रूच्या तोफा भलत्याच जागा झोडपत राहतात. आज ड्रोन वरून पाहतो, तेव्हा नदीकाठचा तो आडोसा तितकासा कामाचा राहणार नाही. पण दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःची जागा पाहण्याची सवय लागलेला विद्यार्थी मान वर करून पाहायलाही विसरणार नाही. शिबिरातील एका मुलीने हाच प्रश्न विचारला होता, आणि मग आम्ही चुन्याच्या रेषेवर गवत आणि फांद्या कशा टाकाव्यात यावर अर्धा तास घालवला.

शेवटी प्रतीविषयी, कारण विकत घेणाऱ्याला त्याचीच गरज असते. या मजकुरावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे तो इंटरनेटवर विनामूल्य मिळतो आणि अनेक जण तो छापून विकतात. मी घेतलेली पहिली प्रत अशाच एका स्वस्त छपाईची होती, आणि तिने माझी निराशा केली. या पुस्तकात प्रत्येक स्वप्नाबरोबर त्या जागेचा नकाशा असायला हवा. माझ्या प्रतीत नकाशे इतके पुसट होते की टेकडी आणि नदी यांत फरक करता येत नव्हता, एक नकाशा तर गायबच होता, आणि मजकुरात यंत्राने वाचताना झालेल्या चुका जागोजागी होत्या. नकाशाविना हे पुस्तक वाचणे म्हणजे पटाशिवाय बुद्धिबळाचा डाव ऐकणे. त्यामुळे घेण्याआधी आतली पाने पाहता येत असतील तर नकाशे तपासा, आणि ते स्पष्ट नसतील तर ती प्रत घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. माझी दुसरी प्रत मी अशी केली : विनामूल्य मिळणाऱ्या आवृत्तीतील स्पष्ट नकाशे एफोर कागदावर मोठे छापून घेतले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवले, वर पारदर्शक प्लॅस्टिक लावले, आणि त्यावर पेन्सिलीने मोर्चे काढता-पुसता येतील अशी सोय केली. छपाई आणि पुठ्ठा धरून खर्च शंभर रुपयांच्या आतच गेला.

इंग्रजी जुने आहे, पण अवघड नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला शब्दकोश शेजारी ठेवून जमेल. बारावीच्या मुलांना कोणी तरी वाचून दाखवावे लागेल, आणि बोअर युद्ध म्हणजे काय हे आधी दहा मिनिटे सांगावे लागेल. चांगल्या मराठी अनुवादाची मला फार निकड वाटते, विशेषतः सैनिकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपशिंग्यासारख्या गावांतून सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी. पळणे आणि पुलअप्स यांच्या पलीकडचे, डोके वापरायला लावणारे साहित्य त्यांच्या भाषेत फार कमी आहे. अनुवाद करणाऱ्याने ‘ड्रिफ्ट’साठी ‘उतार’ हाच शब्द घ्यावा, नावांतील खोचा तळटीपेत न टाकता मराठीत नव्याने घडवाव्यात, आणि माणसांना डांबण्याच्या धड्यापाशी छावण्यांची माहिती देणारे एक पान जरूर जोडावे.

वाचताना एका दिवशी एकच स्वप्न वाचा. स्वप्न सुरू होण्यापूर्वी नकाशा समोर घ्या, पन्नास माणसे कुठे ठेवाल ते पेन्सिलीने काढा, आणि मगच पुढचे पान उलटा. मी पहिल्यांदा सगळे पुस्तक एका संध्याकाळी वाचून काढले, आणि तो आनंद स्वतःच घालवून बसले. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा चौथ्या स्वप्नापर्यंत माझ्या मोर्चातील सगळी माणसे मारली गेली होती. आमच्या सुभेदार साहेबांना मी हे फोनवर सांगितले. ते म्हणाले, “चौथ्यापर्यंत गेलात का? मी तिसऱ्यातच गेलो होतो.”